४५ अंशांच्या खान्देशात इलेक्ट्रिक कार कोणत्या नव्या तंत्रामुळे खपेल?

तापीकाठ
'सॉलिड स्टेट (आत द्रवाऐवजी घन पदार्थ असलेली बॅटरी) येऊ द्या, मग बघू' म्हणत थांबलेले जळगाव-भुसावळात पुष्कळ आहेत. टोयोटाचं लक्ष्यच २०२७-२८ चं आहे आणि पहिल्या गाड्या महागच असणार. आपला खरा प्रश्न रेंजचा नाही, उन्हाचा आहे. मेमध्ये पारा ४५ पार जातो आणि बॅटरीचा सेल म्हातारा करणाऱ्या रासायनिक क्रिया दर १० अंशांना ढोबळमानाने दुप्पट वेगाने होतात. म्हणून माझा कौल सोडियम-आयन बॅटरीला. लिथियम नाही, कोबाल्ट नाही, तांब्याच्या फॉइलऐवजी दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियम. सीएटीएल या चिनी बॅटरी कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये दाखवलेला सेल किलोला १७५ वॉट-तास देतो, म्हणजे एलएफपीच्या (लोह-फॉस्फेटवाल्या लिथियम बॅटरीच्या) पंगतीतला. ७० अंशांपर्यंत चालतो, असा कंपनीचा दावा आहे.

पॅकवाला
सोडियमचं खरं कौतुक आहे ते उणे २०-३० अंशांतलं. तो गुण यावलला कोणाच्या कामाचा? शिवाय हा सेल भरलेला असताना ४ व्होल्टच्या आसपास असतो आणि रिकामा होताना दीड-दोनपर्यंत उतरतो. एलएफपी ३.६५ ते २.५ मध्येच, त्यातही बराच वेळ ३.२ ला चिकटून. म्हणजे मोटरचा इन्व्हर्टर, डीसी-डीसी कन्व्हर्टर, सगळं त्या रुंद पट्ट्यासाठी नव्याने आखा.

उन्हावरचा इलाज लिक्विड कूलिंग आणि तो द्रव थंड करणारा चिलर. तिथंही मेख आहे: बहुतेक गाड्यांत एकच कॉम्प्रेसर केबिन आणि बॅटरी दोन्ही थंड करतो. दुपारी तीनला हायवेवरून येऊन गाडी फास्ट चार्जरला लावली आणि आत एसी फुल ठेवून बसलात, तर पॅकला थंडावा कमी पडतो आणि बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा) करंट उतरवतं. लोक म्हणतात चार्जर बोगस आहे. एसी कमी करा, सावलीत उतरून चहा घ्या, चार्जिंगचा आकडा बऱ्याचदा वर येतो.

तापीकाठ
गाडी चालू किंवा चार्जिंगला असताना हे ठीक. कोर्टाबाहेर सहा तास उन्हात उभ्या गाडीत कूलिंग सहसा बंदच. तिथं सेलचं रसायनच कामी येतं.

पॅकवाला
तीनेकशे किलोचा पॅक लगेच तापत नाही, हेही धरा. उभ्या गाडीला जास्त बाधतं ते ऊन अधिक फुल चार्ज. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्टवाली लिथियम बॅटरी) असेल तर ५०-६० टक्क्यांवर उभी करा. एलएफपीला कंपनी सांगेल तेव्हा १०० टक्के करावंच लागतं, कारण व्होल्टेज सपाट असल्याने बीएमएसचा हिशेब चुकत जातो. पण ते रात्री करा आणि सकाळी गाडी काढा.

वायरमन_शिरपूर
गाडी ते लिसूत भो, पन चार्ज कोठे करसूत? तुमचं रसायन राहू द्या बाजूला. घरी चार्जिंग अडतं ते अर्थिंगपायी. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या पाइपापासून सुटते, रेझिस्टन्स वाढतो आणि चार्जर फॉल्ट दाखवून बंद. पावसाळ्यात तोच पॉइंट बिनतक्रार चालतो! पाइप खोल घ्या, भोवती बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) भरा, मे महिन्यात पाणी घालत राहा. न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज मीटरने मोजा, तेही लोड चालू असताना. दुसरं, व्होल्टेज १८० वर आलं की १५ अँपिअरला २.७ किलोवॉटच मिळतात. ३० युनिट भरायला नऊऐवजी अकरा तास.

हायवे५३
घरचं झालं. जळगावहून पुण्याला चारशेच्या आसपास किलोमीटर जायचं तर? नवं तंत्र गाडीत आलंय, रस्त्यावर नाही. महिंद्रा बीई ६ चा ७९ युनिटचा पॅक १८० किलोवॉटच्या चार्जरवर २० ते ८० टक्के २० मिनिटांत होतो. तेच ४७ युनिट ६० किलोवॉटवर पाऊण तासाच्या वर. आणि त्या ६०च्या पेटीत ३०-३०ची दोन मॉड्यूल्स असली, एक गेलं की अर्धाच चार्जर उरतो. धुळीने फिल्टर चोंदला की उरलेलंही तापून पॉवर कमी करतं. ८०० व्होल्टच्या, आणखी वेगाने चार्ज होणाऱ्या गाड्यांच्या गप्पा त्यानंतर.

केळीबाग_रावेर
हायवेला रोज कोण जातंय? गावात गाडी खपवेल ते व्ही-टू-एल, म्हणजे गाडीच्या बॅटरीवर घरची उपकरणं चालवणं. नेक्सॉनमध्ये ३.३ केव्हीए मिळतं. फ्रिज, दोन पंखे, कूलर मिळून ४०० वॉट धरा: दहा तासांच्या लोडशेडिंगला ४ युनिट, म्हणजे ४५ च्या पॅकचे नऊ टक्के. वेगळा इन्व्हर्टर, त्याची बॅटरी, तिचं डिस्टिल्ड वॉटर, सगळं गेलं.

हायवे५३
मग बागेची मोटरही चालवा म्हणाल.

केळीबाग_रावेर
पाच एचपी थ्री-फेज नाही चालणार, मान्य. सिंगल-फेज दीड एचपीसुद्धा सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते आणि गाडी आउटपुट बंद करते. मोटर हळूहळू सुरू करणारा सॉफ्ट स्टार्टर लावला तरी जपूनच.

वायरमन_शिरपूर
आणि एक. दोन्ही टोकांना पिनचे प्लग लावलेली वायर करून घराच्या सॉकेटात करंट उलटा सोडू नका. मेन चालू राहिला तर तो डीपीपर्यंत जाईल आणि खांबावर चढलेल्या लाइनमनला बसेल. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा डबल पोल चेंजओव्हर बसवा, नाहीतर एक्स्टेंशन बोर्डावरच भागवा.