समलिंगी विवाह: वेदी आणि रजिस्टर

शरणपूरकर:
रविवारी उपासनेनंतर चर्चच्या आवारात हा विषय निघाला आणि हातातला चहा थंड झाला. एक काका म्हणाले, 'कायद्याने मान्यता दिली की उद्या आपल्या पाळकांना ही लग्नं लावावीच लागतील.' मला पटत नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाने मान्यता नाकारली, पण तिथे वाद होता १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा, म्हणजे धर्मविधीशिवाय नोंदणी कचेरीत लागणाऱ्या लग्नांचा. आपला ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ चा, त्यात कोर्ट शिरलंच नाही. वेदीसमोरचं मंडळीने ठरवावं. नोंदणी कचेरीत बायबल कशाला?

गोदाकाठ:
काका चुकले नाहीत. १८७२ च्या कायद्याखाली लग्न लावतो पाळक, सह्या घेतो पाळक, नोंदही त्याच्याच वहीत. एकाच टेबलावर बायबल आणि रजिस्टर! शिवाय मत्तयच्या शुभवर्तमानाचा १९ वा अध्याय वाचा, येशू थेट बायबलच्या पहिल्या पुस्तकावर, उत्पत्तीवर जातो: नर आणि नारी. लग्न हा मूलभूत हक्क नाही, यावर पाचही न्यायाधीशांचं एकमत होतं. संसदेचं काम संसदेला करू द्या.

शरणपूरकर:
मत्तय १९ तुम्हीच काढलंत. तिथे मूळ प्रश्न घटस्फोटाचा आहे. आपल्या घटस्फोट कायद्यात २००१ पर्यंत बायकोला नवऱ्याचा नुसता व्यभिचार दाखवून भागत नसे, जोडीला छळ किंवा परित्याग सिद्ध करावा लागे. नवऱ्याला मात्र व्यभिचार पुरे. कायदा बदलला, परस्परसंमतीही आली. कॅथलिक चर्च आजही घटस्फोट मानत नाही. कुठल्या फादरवर सक्ती झाली?

नाशिकरोडवाला:
आमचं कॅथलिकांचं नाव निघालं म्हणून लिहितो. डिसेंबर २०२३ मध्ये व्हॅटिकनने अशा जोडप्यांना आशीर्वाद द्यायची मुभा दिली, पण लग्नासारखा विधी नको हेही त्यातच बजावलं. बाळ येशूच्या यात्रेत आशीर्वादाला रांगेत उभं राहायला लग्नाचा दाखला कुणी मागतो का? तसंच ते. अर्धवट बातम्या फॉरवर्ड करू नका.

एक_वाचक:
इथे पहिल्यांदाच लिहितोय. मागच्या पावसाळ्यात माझ्या जोडीदाराचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. फॉर्मवर 'रुग्णाशी नाते' या रकान्यात मी 'मित्र' लिहिलं. काउंटरवरच्या बाईंनी पेनाने खोडलं. त्याचा भाऊ निफाडहून सहीला येईपर्यंत फॉर्म तसाच पडून. अकरा वर्षं एका घरात राहतोय आम्ही. मला पाळकांकडून काहीच नको.

गोदाकाठ:
सहीपुरतं मान्य, अगदी मनापासून. फक्त त्याला 'लग्न' म्हणू नका.

एक_वाचक:
बरं. मग त्या रकान्यात काय लिहू?