मोबाइलमधली ॲप्स कमी केलीत? तुमचा अनुभव लिहा

रानजाई
नवा फोन घेतला तेव्हा जुन्यातली ॲप्स आपोआप येऊ दिली नाहीत. ज्याची गरज पडेल ते तेव्हा घ्यायचं, असं ठरवलं. बँक, यूपीआय, व्हॉट्सॲप, नकाशे, रेल्वे, एवढ्यावर नीट भागतंय. वीजबिल, वर्तमानपत्रं, कपड्यांची दुकानं ब्राउझरमध्ये उघडते. तुम्ही कोणतं ॲप काढलंत, त्याचं काम आता कशावर चालतं आणि अडलं कुठे, ते तपशिलात लिहा. घरातल्या मोठ्यांच्या फोनबद्दलही.

आठ-सत्तावन्न
मी रोजचा डोंबिवली ते सीएसएमटी. पाससाठी यूटीएस, गावच्या आरक्षणासाठी रेल कनेक्ट आणि गाडी कुठवर आली ते बघायला तिसरंच ॲप होतं. १ जुलै २०२५ ला रेल्वेने रेलवन आणलं, त्यात ही तिन्ही कामं होतात, तक्रारही करता येते. जुन्याच लॉगिनने आत गेलो. हातातला पास संपेपर्यंत मात्र यूटीएसला हात लावला नाही. टीसीसमोर खटपट करायची वेळ यायला नको.

शमीपत्र
आईचा फोन. ती सांगलीला असते, वय ७२. फोन अडखळतो आणि सारखा वाजतो, ही तिची तक्रार. उघडून बघितलं तर फोन साफ करणारी ॲप्स, बॅटरी वाचवणारं एक, टॉर्चची दोन, शिवाय राशीभविष्य. यातलं तिने मागून घेतलेलं एकही नाही. जाहिरातीवर बोट पडतं, पुढे हिरवं बटण येतं, तेही दाबलं जातं. टॉर्च तर फोनमध्ये असतेच! परवानग्या बघितल्या तर त्यातल्या एका टॉर्चला आईची संपर्क यादी आणि ठावठिकाणा दोन्ही दिलेलं. उजेड पाडायला हे कशाला लागतं? मला फार संताप आला.

पण तिच्या हातातून फोन घेऊन परस्पर काही केलं नाही. शेजारी बसून एकेक विचारत गेले, "हे लागतं का गं तुला?" माझ्या मनाने केलं असतं तर भजनांचं ॲप पहिलं गेलं असतं, आणि तिची सकाळ त्यानेच सुरू होते. आता पहिल्या पानावर फोन, व्हॉट्सॲप, कॅमेरा आणि भजनं. व्हॉट्सॲपवरचे फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद केलं, त्यामुळे सुप्रभातची फुलं गॅलरीत साचत नाहीत. नातवाचा फोटो आला की ती स्वतः बोट लावून उतरवते. यूपीआय तिला नकोच होतं. भाजीवालीला रोख देते, आणि ते तसंच राहू दिलं.

गोदाकाठ
कॅशबॅकपायी घेतलेली यूपीआयची ॲप्स काढून एकटं भीम ठेवलं. यूपीआयचा क्यूआर कुठल्याही ॲपने चालतो, त्यामुळे दुकानात काही अडत नाही. पण काढण्याआधी एक करा. ॲप उडवलं म्हणून खातं बंद होत नाही आणि ऑटोपेची, म्हणजे ठरलेले पैसे आपोआप कापायची, मंजुरीही रद्द होत नाही. आधी ऑटोपेच्या यादीतलं नको ते रद्द करा, मग त्या ॲपमधली नोंदणी काढा, ॲप सगळ्यात शेवटी. माझ्या भावाने गाण्यांचं एक ॲप काढलं, तरी वर्गणी दरमहा कापली जात होती. लॉगिनचे कोड देणारं ॲप असेल तर कोड दुसऱ्या फोनवर नेल्याशिवाय त्याला हातच लावू नका.

घाटवळण
लायसन्स आणि आरसीसाठी फक्त डिजिलॉकर, म्हणजे कागदपत्रं ठेवायचं सरकारी ॲप. त्यातून दाखवलेली कागदपत्रं २०१८ पासून मोटार वाहन नियमांत ग्राह्य आहेत. गॅलरीतला फोटो नाही. घाटात रेंज जाते म्हणून मूळ कार्डही गाडीत असतं.

तिठा
आमच्याकडे काढणं आपल्या हातात नाही. शाळेचं एक, शाळेच्या बसचं एक, क्लासचं एक, सोसायटीच्या गेटचं एक. पालकसभेत आम्ही काही जणांनी सांगितलं, मग शाळेच्या सूचना पुन्हा डायरीत लिहून येऊ लागल्या. बसच्या ॲपचे आवाज तेवढे चालू ठेवलेत, बाकीच्यांचे बंद. गेटचं मात्र सुटत नाही. ज्या आजी-आजोबांकडे स्मार्टफोन नाही त्यांच्याकडे पाहुणा आला तर ॲपवर होकार येत नाही, म्हणून रखवालदार त्याला फाटकातच उभा करतो. इंटरकॉम असताना हे का व्हावं? कमिटीला लेखी अर्ज दिलाय. कुणाच्या सोसायटीने यावर दुसरी सोय केली असेल तर सांगा, पुढच्या सभेत मांडेन.