पांढऱ्या गाडीवरचे नारिंगी ठिपके आणि क्ले बारचा पहिला प्रयत्न

डोंबिवलीकर (प्रश्न)

नमस्कार. बाबांनी २०१७ मध्ये घेतलेली पांढरी हॅचबॅक आता मी चालवते. ती इमारतीच्या आवारात उघड्यावर उभी असते आणि आवाराच्या भिंतीपलीकडे लोकलचे रूळ आहेत. गेल्या वर्षभरात बॉनेट, छत आणि मागच्या दारावर टाचणीच्या टोकाएवढे नारिंगी-तपकिरी ठिपके उमटले आहेत. शाम्पूने नीट धुऊनही ते जात नाहीत आणि कोरड्या पत्र्यावरून हात फिरवला की बारीक पॉलिश पेपरवरून फिरवल्यासारखी खरखर लागते. पत्रा आतून गंजू लागला की काय, या धास्तीने मी गाडी एका गॅरेजमध्ये दाखवली, तर तिथे बॉनेट आणि छत नव्याने रंगवून घेण्याचा सल्ला मिळाला. कारखान्यातून आलेला मूळ रंग शक्य तितकी वर्षे टिकावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. क्ले बारने, म्हणजे रंगावर चिकटलेले कण ओढून घेणाऱ्या मऊ वडीने, असे डाग निघतात असे वाचले, पण त्याच क्लेमुळे ओरखडे पडल्याचेही वाचले. मी हे काम यापूर्वी कधीही केलेले नाही. कुठून सुरुवात करावी?

जुना रंगारी

सर्वप्रथम, रंगवण्याची घाई करू नका. तुम्ही केलेल्या वर्णनावरून हा पत्र्याचा गंज वाटत नाही, बाहेरून येऊन चिकटलेले लोखंड वाटते. गाड्यांच्या ब्रेकमधून आणि रूळ-चाकांच्या घर्षणातून लोखंडाचे अतिसूक्ष्म कण उडतात, रंगावर बसतात आणि दमट हवेत तिथल्या तिथे गंजतात. गंजताना ते फुगतात व रंगात आणखी घट्ट रुततात, म्हणूनच साध्या धुण्याने हलत नाहीत. गडद गाडीवरही ते तितकेच असतात, पांढरीवर केवळ डोळ्यांना दिसतात. पत्र्याचा खरा गंज सहसा खड्डा पडलेल्या किंवा रंग उडालेल्या जागी, फोडासारखा वर आलेला असतो. तसा फोड कुठे आढळला, तर त्या जागेला क्ले लावू नका.

मी अनेक वर्षे बॉडी शॉपमध्ये रंगकाम केले आहे आणि ओरखड्यांची तुमची भीती रास्त आहे, असेच सांगेन. कारखान्याच्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात आणि त्यातला वरचा पारदर्शक क्लिअर कोट बहुधा ४० ते ५० मायक्रॉनचाच, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ असतो. क्ले हा मऊ लगदा असला, तरी त्यात बारीक घर्षक कण मिसळलेले असतात. तो ओल्या पृष्ठभागावरून सरकताना वर आलेले कण कातरून स्वतःत ओढून घेतो. पृष्ठभाग कोरडा पडला किंवा क्लेत वाळूचा कण अडकला, तर तोच क्ले रंगावर रेघा ओढतो. म्हणून क्लेला शक्य तितके कमी काम उरेल, अशा क्रमाने जावे.

गाडी सावलीत, पत्रा हाताला थंड लागत असताना धुवा. दोन बादल्या ठेवा, एकीत शाम्पूचे पाणी आणि दुसरीत हातमोजा खळबळून घेण्यासाठी साधे पाणी. पुसण्यापूर्वी भरपूर पाण्याच्या धारेने सुटी धूळ वाहून जाऊ द्या, कारण क्लेखाली सापडणारी वाळू बहुतेक वेळा इथेच राहून गेलेली असते. त्यानंतर आयर्न रिमूव्हर, म्हणजे लोखंडाचे कण विरघळवणारे द्रावण, फवारा. लोखंडाचा कण जिथे असेल तिथे ते जांभळे होऊन ओघळू लागते. तुमच्या बॉनेटवर असे ओघळ आले, तर निदानाची खात्री तिथेच पटेल. त्याला उग्र वास येतो, तेव्हा हातमोजे घाला आणि मोकळ्या हवेत काम करा. डब्यावर दिलेल्या वेळेपलीकडे ते ठेवू नका, कोणत्याही परिस्थितीत रंगावर सुकू देऊ नका आणि शेवटी भरपूर पाण्याने धुऊन काढा. जुन्या डागांना दुसरा हात द्यावा लागतो. एवढ्यानेच बहुतांश ठिपके गेलेले मी पाहिले आहेत. डांबराचे काळे थेंब असतील, तर तेही आधीच टार रिमूव्हरने काढावेत.

आता हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून ओल्या पत्र्यावरून अलगद फिरवा. पिशवीतून बोटांना खरखर फार स्पष्ट जाणवते. जिथे गुळगुळीत लागेल तिथे क्ले फिरवण्याचे कारणच नाही.

उरलेल्या भागासाठी फाइन दर्जाचाच क्ले घ्या. मीडियम आणि हेवी दर्जाचे क्ले मशीनने पॉलिश करता येणाऱ्यांसाठी आहेत. वडीचा तिसरा हिस्सा तोडून कोमट पाण्यात मळा, तळहातात मावेल अशी चपटी चकती करा आणि एका वेळी फार तर दोन फूट लांब-रुंद भाग हाती घ्या. तो भाग वंगणाने, म्हणजे क्ले घसरावा म्हणून फवारायच्या द्रवाने, ओलाचिंब करा, चकतीवरही फवारा आणि बोटांच्या टोकांऐवजी सपाट बोटांनी, जोर न देता सरळ रेषेत पुढे-मागे सरकवा. गोल फिरवू नका. चुकून रेघ उमटलीच, तर सरळ रेघ पॉलिशने काढणे सोपे जाते. सुरुवातीला क्ले अडखळतो, आवाजही येतो, आणि काही फेऱ्यांत तो घसरू लागला की त्या जागेचे काम संपले. दर भागानंतर चकती उलटून पाहा, मळकी झाली असेल तर दुमडून स्वच्छ बाजू वर काढा.

क्ले जमिनीवर पडला, तर तो तुकडा फेकून द्या. पडलेला तुकडा झटकून, धुऊन पुन्हा वापरण्याचा मोह होतो, पण आत शिरलेली वाळू धुण्याने निघत नाही. तिसरा हिस्साच तोडायला सांगितला तो यासाठी.

साध्या पांढऱ्या रंगाबद्दल एक सांगतो. मेटॅलिक नसलेल्या काही रंगांवर वेगळा क्लिअर कोट नसतो आणि अशा गाडीवर क्लेला किंचित पांढरी झाक चढते. तसे दिसले तर घाबरू नका, मात्र हात आणखी हलका ठेवा.

पहाटफेरी

वरच्या उत्तरात वंगणाचा उल्लेख थोडक्यात आला आहे आणि नवख्या माणसाचा हात नेमका तिथेच चुकतो, म्हणून माझा अनुभव मांडते. नाशिकला एप्रिलच्या एका सकाळी मी काळ्या सेडानच्या बॉनेटवर क्ले फिरवत होते. ऊन आवारात येईपर्यंत काम होईल असा माझा अंदाज होता, पण पत्रा तापला, फवारलेले पाणी सुकले आणि क्ले रंगाला चिकटून पिवळसर पट्टे उमटले. ते नव्याने वंगण फवारून निघाले, पण खाली राहिलेला धूसरपणा घालवण्यासाठी पॉलिश करून घ्यावे लागले.

तेव्हापासून मी वंगणात हात आखडत नाही. तयार क्ले लुब्रिकंट मिळते, परंतु एक लिटर पाण्यात चमचाभर साधा कार शाम्पू मिसळून स्प्रेच्या बाटलीत भरला, तरी माझे काम उत्तम होते. वॅक्स मिसळलेला शाम्पू यासाठी घेऊ नये. भांड्यांचा साबणही मी टाळते, कारण तो लवकर सुकतो. नुसते पाणी तर अजिबात पुरत नाही. संपूर्ण गाडीला एक लिटर मिश्रण सहज लागते.

मॅट रंगाच्या गाडीवर क्ले वापरू नये, तिथे घासलेली जागा चकाकू लागते आणि ती पूर्ववत करता येत नाही. पुढच्या काचेवर मात्र अवश्य फिरवून पाहा. आमच्या वायपरची थरथर रबर बदलूनही थांबली नव्हती, ती काच क्लेने साफ केल्यावर थांबली. काचेसाठी वापरलेला तुकडा पुन्हा रंगाला लावू नका.

डोंबिवलीकर

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. रविवारी पहाटे बॉनेट आणि मागचे दार केले. आयर्न रिमूव्हरचे जांभळे ओघळ पाहताच मोठा ताण उतरला. दुसऱ्या हातानंतर मोजके ठिपके उरले होते, तेही क्लेने निघाले आणि पत्रा आता काचेसारखा गुळगुळीत लागतो. रेघ एकही दिसत नाही. मात्र बॉनेटवर पाण्याच्या थेंबांच्या आकाराची फिकट गोल वर्तुळे आता स्पष्ट दिसतात, आणि ती क्लेने हलत नाहीत. आमच्याकडे गाड्या बोअरच्या पाण्याने धुतल्या जातात. छत करायचे बाकी आहे. वॅक्स कधी लावू?

जुना रंगारी

ते क्षारांचे डाग आहेत. बोअरचे जड पाणी उन्हात सुकले की कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार मागे उरतात. क्ले रंगाच्या वर आलेला कण कातरतो, रंगात उतरलेल्या डागापर्यंत तो पोहोचत नाही, त्यामुळे तिथे जोर लावून घासत बसू नका. पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात मिसळा, मायक्रोफायबर फडके त्यात भिजवून डागावर एखादा मिनिट ठेवा आणि लगेच भरपूर पाण्याने धुवा. आधी कोपऱ्यातल्या एकाच डागावर करून पाहा. दोन प्रयत्नांनंतरही वर्तुळ राहिले, तर क्षाराने रंगाला बारीक खळगा पाडला आहे असे समजावे. तो हलक्या पॉलिशनेच जातो आणि ते काम जाणकाराकडून करून घेणे बरे.

वॅक्स या सगळ्यानंतर लावायचे, पण फार दिवस लांबवू नका. आयर्न रिमूव्हर आणि क्ले या दोन्हींमुळे आधीचा संरक्षक थर निघून गेला आहे आणि रूळ भिंतीपलीकडेच आहेत, म्हणजे नवे कण उघड्या रंगावर आजही बसत आहेत. छत पुढच्या रविवारी होणार असेल, तर बॉनेट आणि दाराला त्याची वाट पाहायला लावू नका. व्हिनेगरचा प्रयोग झाला की त्याच दिवशी तेवढ्या भागाला वॅक्स लावून टाका.