जेंटामायसिनचा दहापट डोस गेला तर

जेंटामायसिन हे जंतुसंसर्गावरचं प्रतिजैविक. नवजात बाळाला ते चुकून दहापट गेलं, तर बाळाचं रक्त बदलावंच लागतं का, हा प्रश्न. बहुतेक वेळा नाही. या औषधाला उतारा नाही, तरी एकदाच झालेल्या चुकीतून बहुतेक बाळं सुखरूप बाहेर पडतात. पुढचा डोस थांबवायचा, रक्तातली औषधाची पातळी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडं कसं काम करताहेत ते सांगणारी रक्ततपासणी) बघायचं, शरीरात पाणी कमी पडू द्यायचं नाही. लंगोट वजन करून लघवीचा हिशेब ठेवायचा. नवजात मूत्रपिंडं कच्ची, अपुऱ्या दिवसांच्या बाळाची तर फारच; औषध सावकाश उतरतं, म्हणून पातळी पुन्हा पुन्हा तपासावी लागते. अंग ढिलं पडतंय का, श्वास मंदावतोय का, याकडेही डोळ्यांत तेल घालून लक्ष हवं. रक्त बदलण्याचा विचार मूत्रपिंडं साथ देत नसतील तेव्हाच.

चूक होते कुठे? बऱ्याच कुप्यांत १ मिलीला ४० मिग्रॅ. ३ किलोच्या बाळाला १२ मिग्रॅ, म्हणजे ०.३ मिली. टिंब निसटलं की ३ मिली! १ मिलीचीच सिरिंज हातात असेल तर एवढं औषध तिच्यात मावतच नाही.

आणि हे औषध कानांना इजा करू शकतं, म्हणून कानांची तपासणी घरी सोडण्याआधी कराच, पुढेही करत राहा. आईवडिलांना त्याच दिवशी सगळं खरं सांगा, लपवू नका.