प्रतिसाद: चेस्टरफिल्डचा पिळलेला कळस

वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय की इंग्लंडमधल्या चेस्टरफिल्ड गावच्या चर्चचा हा कळस मुद्दामच पिळदार बांधला असावा. मला नाही पटत. हौस म्हणून पीळ दिला असता तर तो सरळ उभा तरी राहिला असता. हा २२८ फूट उंच कळस साधारण ४५ अंश पिळलाय आणि वर साडेनऊ फूट कललाय!

सेंट मेरी अँड ऑल सेंट्स हे चर्च बहुतांशी १४व्या शतकातलं, कळस १३६२च्या आसपासचा. म्हणजे प्लेगची मोठी साथ येऊन गेल्यावरचा. कसबी सुतार त्या साथीत गेले म्हणून सांगाड्यात तिरके आधार कमी पडले, असं सांगतात. तर्क आहे, पण पटण्यासारखा. लाकूड ओकचं, तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे ओलंच वापरलेलं. वाळताना ते वाकणारच. त्यावर नंतर शिशाच्या पत्र्याचं सुमारे ३३ टन ओझं. दक्षिणेकडचं शिसं उन्हाने जास्त प्रसरण पावतं, हेही एक कारण देतात. पत्रे तिरक्या नक्षीत बसवल्यामुळे पीळ आहे त्याहून जास्त वाटतो.

सैतानाने कळसाला विळखा घातला वगैरे दंतकथा आहेतच. गावाला मात्र त्याचं कौतुकच. तिथल्या फुटबॉल संघाचं टोपणनावही ‘स्पायराइट्स’ (स्पायर म्हणजे कळस).