आजारी नवजात बाळाला दुसऱ्या हॉस्पिटलला हलवताना काय काय बघायचं?

प्रश्न (स्टाफ नर्स):
आमच्याकडे एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) नाही, बाळाला धाप लागली की मोठ्या हॉस्पिटलला पाठवतो. तिकडून दरवेळी एकच ऐकायला मिळतं, बाळ गार पडलंय, शुगर लो आहे. अहो आम्ही तर पाच मिनिटंही वाया न घालवता गाडी काढतो, मग अडतंय कुठे?

उत्तर १ (एनआयसीयू डॉक्टर):
सिस्टर, त्या पाच मिनिटांतच अडतंय. आधी बाळ स्टेबल करा मग हलवा, कारण धावत्या गाडीत आयव्ही (शिरेतली सुई) लावणं किंवा श्वासनलिकेत ट्यूब घालणं म्हणजे महाकठीण काम, त्यामुळे श्वास डळमळीत वाटत असेल तर ट्यूबचा निर्णय निघायच्या आधीच घ्यायचा, आणि ट्यूब घातली की ओठाशी किती सेंटीमीटरवर आहे ते लिहून पक्की चिकटवायची, गाडीच्या हादऱ्यांनी ती सरकते. काखेतलं टेम्परेचर ३६.५ ते ३७.५ मध्ये आलं का बघा, शुगर निघताना तपासा आणि वाटेतही. पोट फुगलं असेल तर तोंडातून नळी टाकून हवा काढा. आणि तिकडे आधी फोन करा हो, बेड आहे का न विचारता पाठवलेली बाळं आम्ही नेहमी बघतो!!

उत्तर २ (ॲम्ब्युलन्सवर काम करतो):
ऑक्सिजनचा हिशोब कुणी करतच नाही राव. मिनिटाला २ लिटर आणि रस्ता १ तासाचा म्हणजे १२० लिटर, पण ट्रॅफिक धरून दुप्पट ठेवायचा. इन्क्युबेटरची (बाळाला ऊब देणारी पेटी) बॅटरी फुल हवी, बाळ पट्ट्यांनी बांधलेलं हवं. नातेवाईक म्हणतात जोरात हाणा, मी नाही हाणत, आतल्या माणसाला धड उभंही राहता येत नाही मग तो बाळाकडे काय बघणार.

स्टाफ नर्स:
इन्क्युबेटरच नाहीये ना पण आमच्याकडे. गरम पाण्याची बाटली ठेवली तर?

उत्तर १:
बाटली अजिबात नको, भाजतं. बाळ त्यातल्या त्यात बरं असेल तर आईच्या किंवा घरातल्या कुणाच्याही उघड्या छातीवर, डोक्याला टोपी, वरून पांघरूण, फक्त नाक-तोंड मोकळं दिसत राहिलं पाहिजे. गरोदरपणाचे ३२ आठवडे भरायच्या आत जन्मलेलं असेल तर जन्मल्याबरोबर न पुसता मानेपर्यंत स्वच्छ प्लास्टिक पिशवीत. आणि दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्यात, वेळही हातात आहे, तर बाळंतपणाआधी आईलाच तिकडे हलवा की, पोटातलं बाळ हलवणं कधीही जास्त सेफ.