बागेचा आराखडा आधी की लोकांचं म्हणणं आधी?

नेरुळची रहिवासी: नवी मुंबईतल्या आमच्या नोडमधल्या, म्हणजे वसाहतीतल्या, जुन्या उद्यानाचं नूतनीकरण निघालंय, हे फाटकावर फलक लागला तेव्हा कळलं. कारंजं, सेल्फी पॉइंट, पेव्हर ब्लॉकचा रुंद ट्रॅक. झाडाखालचा जुना कट्टा चित्रात नाही. घरकाम करणाऱ्या बायका दोन कामांच्या मधे तिथेच डबा खातात.

१९६६ च्या नगररचना कायद्यात विकास आराखड्याच्या प्रारूपावर हरकती-सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. पण तिथे ठरतं ते भूखंडाचं आरक्षण, म्हणजे कोणती जागा कशासाठी राखायची एवढंच. बागेच्या आत काय व्हावं, हे विचारायची पायरी त्यात नाहीच. म्हणून निविदेआधी लोकांना विचारणं बंधनकारक करा, असं माझं ठाम मत आहे.

घणसोली गावठाण: ताई, विचारणार कोणाला? सभा कामाच्या दिवशी सकाळी अकराला ठेवतात. येतात निवृत्त मंडळी आणि सोसायट्यांचे सेक्रेटरी. मागण्या ठरलेल्या: क्रिकेट बंद करा, बाहेरची पोरं नकोत, फाटक लवकर लावा. आमच्या आजोबांच्या शेतांवर हे शहर उभं राहिलं, घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळायच्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांसाठी घराघराने खेटे घातले, आणि आता आमचीच पोरं 'बाहेरची'. असा लोकसहभाग असेल तर अधिकाऱ्याने ठरवलेलं परवडलं.

उद्यानरचनाकार: माझाही विरोध आहे, कारण मात्र वेगळं. कोपरखैरण्याचं निसर्ग उद्यान जुन्या कचराभूमीवर उभं आहे. अशा जागी मातीचा थर किती हवा, कोणती झाडं तग धरतील, हे हात वर करून ठरत नाही. विचारलं की लोक लॉन मागतात. मे महिन्यात तिला पाणी कुठून आणायचं, हे त्या बैठकीत कुणी बोलत नाही.

नेरुळची रहिवासी: माती, निचरा, झाडांची निवड तुमचीच, त्यात मतदान नको. पण जागा कशासाठी, कोणासाठी, हे तज्ज्ञाने एकट्याने का ठरवावं? आणि खरं सांगा, खोडाला भिडवून पेव्हर ब्लॉक बसवायला लोकांनी सांगितलं होतं का? झाडाभोवती मीटरभर माती मोकळी सोडा, हे तर रोज चालणारे लोकच ओरडून सांगतायत.

घणसोलीच्या दादांचं दुखणं खरं आहे. म्हणूनच सभागृहात सभा नको. बागेतच टेबल टाका, सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी. दुपारी त्या बायका भेटतील, संध्याकाळी तुमची पोरं. मे २०२० मध्ये नवी मुंबई महापालिकेतल्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षं प्रशासकच होता, दाद मागायला नगरसेवकसुद्धा नव्हता. नगरसेवक असला तरी ही सवय लागायलाच हवी.

ठाणेकर, कोलशेत: आमच्याकडे २०२४ मध्ये ग्रँड सेंट्रल पार्क सुरू झालं. वीस एकरांच्या आसपास, सुविधा भूखंडावर, म्हणजे लोकांच्या सोयींसाठी राखलेल्या जागेवर, विकासकाकडून. तिकीट आहे, आणि बाग देखणी आहे. मागण्या सगळेच करतात. माळी, पाणी, रखवालदार यांचा खर्च विचारला की सगळे गप्प.

नेरुळची रहिवासी: मग खर्चही त्याच टेबलावर मांडा ना! कारंज्याचं वर्षाचं वीजबिल आणि एका माळ्याचा पगार शेजारी शेजारी लिहा, लोक नीट निवडतील. पुण्यात २००६ पासून नागरिक प्रभागातली छोटी कामं अंदाजपत्रकासाठी सुचवतात. तिकिटाला मात्र माझा साफ विरोध. तिकीट लागलं की डबा खाणाऱ्या बायका पहिल्या बाहेर.

घणसोली गावठाण: बागेतलं टेबल मान्य. पण वहीत लिहून घेतलेलं शेवटी कोण वाचणार? कोणती सूचना घेतली, कोणती नाकारली आणि का, हे त्याच फाटकावर मराठीत लावायची अट निविदेतच घाला. तसं लेखी दिलं तर गावातली पोरं मी स्वतः घेऊन येतो. नाहीतर माझा विरोध कायम.

उद्यानरचनाकार: ही अट मलाही चालेल. नाकारण्याचं कारण लिहायचंय म्हटल्यावर लॉनचं पाणीही त्यात येईल. मात्र या सगळ्याला महिन्याची मुदत ठेवा. पावसाळा हुकला तर लागवड वर्षभर पुढे जाते.